शाळेचा आराखडा : कोणी करावा, कसा करावा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळांविषयी काही लिहावे, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर थोरामोठ्यांनी इतके लिहून ठेवले आहे की, त्यात आमच्यासारख्या प्राथमिक शिक्षकाने भर ती काय घालावी? परंतु फळ्यापाशी वीसेक वर्षे काढल्यावर एक गोष्ट आम्हांला सारखी जाणवत आली आहे. शाळेला खोली कशी मिळते, नळ कसा मिळतो, शिक्षक कसा मिळतो, हे आपल्या पालकांना ठाऊक नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांपैकीही पुष्कळांना नीटसे ठाऊक नाही. ‘सरकार देत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ‘मागणीच आली नाही’ असे म्हणून कचेरी मोकळी होते. मूल मात्र गळक्या छपराखालीच बसून राहते. म्हणून महत्त्वाचे विवेचन बाजूला ठेवून, शाळेच्या मागणीचा कागद कसा तयार होतो व कोठे जातो, एवढेच येथे सांगण्याचा विचार आहे.

आमच्या घरी दक्खिनी उर्दू बोलली जाते. पण आमची बाराखडी बेळगावकडच्या मराठी शाळेतच झाली, आणि पुढे नोकरीही अशाच शाळांत झाली. आमच्या भागात एकाच आवारात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तीन शाळा भरतात, आणि कित्येकदा तिघींचा नळ एकच असतो. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एका भाषेच्या शाळेपुरते नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

थोडा मागचा इतिहास

शाळेचा खर्च कोणी उचलावा, हा वाद आजचा नाही. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल सेस बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी ठेवण्यात आला. म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्याने शाळेसाठी पैसा भरण्यास सुरुवात केली, ती त्याचे स्वतःचे मूल शाळेत जाऊ लागण्याच्या कितीतरी आधी. १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. कर रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांचे म्हणणे होते.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तसेच बिल मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापुरास शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. पुढे १९२३ चा आणि १९४७ चा असे दोन प्राथमिक शिक्षण कायदे झाले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच असल्यामुळे येथील शाळाही स्कूल बोर्डाच्या हाती होत्या. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द ऐकू येई, तो त्यामुळेच.

या सर्व कायद्यांत एक समान धागा आहे. वरून परवानगी व पैसा, आणि खालून मागणी व देखरेख, अशी ही जोडी आहे. मागणी करणारे खालचे माणूस जेथे जागे होते तेथे शाळा उभ्या राहिल्या. जेथे ते निजले होते तेथे कायदा छापील कागदावरच राहिला.

आता हक्क कोणता आहे

२००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असले पाहिजे याची यादीच दिलेली आहे. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी, कार्यालयासाठी व सामानासाठी मिळून एक खोली, मुलगे व मुली यांच्यासाठी वेगवेगळे संडास, पिण्याचे सुरक्षित पाणी, माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, भोवती भिंत किंवा कुंपण, ग्रंथालय, आणि अपंग मुलालाही विनाअडथळा आत येता यावे अशी वाट. ही यादी प्रत्येक पालकाने एकदा तरी शाळेच्या आवारात उभे राहून, बोटाने मोजत वाचावी. या गोष्टी कोणाच्या मेहेरबानीच्या नाहीत.

त्याच कायद्याचे २१ वे व २२ वे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक सरकारी शाळेला एक व्यवस्थापन समिती असावी. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत. निम्मे सभासद स्त्रिया असाव्यात. आणि शाळेचा विकास आराखडा या समितीने तयार करावा, असे ही कलमे सांगतात. कर्नाटकात २००१ पासूनच अशी समिती आहे. आपण तिला शाळा सुधारणा समिती किंवा नुसते ‘एसडीएमसी’ म्हणतो. अनुदानित शाळा व अल्पसंख्याकांच्या शाळा यांच्यापुरती ही समिती केवळ सल्लागार राहील, अशी दुरुस्ती २०१२ साली झाली. सरकारी शाळेत मात्र आराखडा करण्याचे काम पालकांचेच आहे. समितीच्या पालकांना आम्ही हे सांगतो तेव्हा ते अविश्वासाने आमच्याकडे पाहतात. कारण त्यांच्या अनुभवाला आलेली समिती म्हणजे शिपायाने घरी आणलेल्या वहीत केलेली सही!

कागदाचा प्रवास

आराखडा शाळेत तयार झाला म्हणजे तो समूह पातळीवर जातो, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत, तेथून जिल्ह्यास, जिल्ह्याहून राज्यास, आणि साऱ्या राज्याची वार्षिक योजना व अंदाजपत्रक दिल्लीच्या मंजुरी मंडळापुढे जाते. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक-प्रशिक्षण या योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ ही योजना सुरू झाली. तिच्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राने शंभरातले ६० व राज्याने ४० रुपये घालावयाचे, असा वाटा ठरला. शिक्षकांचा मुख्य पगार राज्याच्या तिजोरीतून होतो.

आता गंमत अशी की, वरच्या कचेरीतील अधिकारी आपली शाळा कधी पाहत नाही. तो आकडे पाहतो. हे आकडे ‘यूडायस’ नावाच्या नोंदणीतून येतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो आणि नोंदणीचा ठरलेला दिवस म्हणजे ३० सप्टेंबर. त्या दिवशी पटावर किती मुले, किती खोल्या, त्यांतल्या किती दुरुस्तीच्या, किती संडास, त्यांतले किती चालू, पाणी आहे की नाही, हे सारे भरावे लागते. २०२२-२३ पासून तर प्रत्येक मुलाची नोंद स्वतंत्र भरावी लागते. या तक्त्यात ज्या शाळेची उणीव दिसत नाही, त्या शाळेला उणीव नाहीच, असे वरचा माणूस धरून चालतो. त्यात त्याचा फारसा दोषही नाही.

आमच्याकडून झालेली चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील उच्च प्राथमिक शाळेत होतो. नोंदणीचा तक्ता भरण्याचे काम आमच्याकडे होते. शाळेत मुलींसाठी दोन संडास बांधलेले होते. पण एकाचे दार मोडलेले आणि दोन्हींत पाणी पोहोचत नसे. तक्त्यात ‘एकूण किती’ आणि ‘चालू किती’ असे दोन वेगळे रकाने होते. आम्ही दोन्ही रकान्यांत ‘दोन’ लिहिले. शून्य लिहिले तर शाळेची नाचक्की होईल, वरून विचारणा येईल, असा विचार मनात आला. आणि शिवाय संध्याकाळी शेवटची बस गाठायची होती. हेच दोन वर्षे चालले. दुरुस्तीच्या यादीत आमच्या शाळेचे नाव दोन्ही वर्षे आले नाही, आणि आम्ही इतर सर्वांप्रमाणे सरकारच्या नावाने बोटे मोडली.

तिसऱ्या वर्षी समितीच्या बैठकीत सातवीतल्या एका मुलीची आई आली होती. तक्ता वाचून दाखवावा असा तिने हट्ट धरला. आम्ही वाचू लागलो. संडासाच्या ओळीशी आलो तशी ती म्हणाली, “गुरुजी, कागदावर दोन हाईत म्हणता, मग माझी पोरगी दुपारच्याला घरी का पळत येते? आणि आली की परत शाळंला का जात नाही?” बैठकीत कोणी काही बोलले नाही. आम्हांला खाली पाहावे लागले. आम्ही हजेरीपट काढून पाहिला, तेव्हा मोठ्या मुलींच्या दुपारच्या हजेरीत खाडे सगळीकडे दिसत होते. ते रोज आमच्याच हाताने मांडलेले होते, आणि आम्ही त्यांचा अर्थ लावला नव्हता.

त्याच बैठकीत ‘चालू’च्या रकान्यात शून्य लिहिले गेले आणि आराखड्यात दुरुस्तीची मागणी घातली गेली. दाराचे काम शाळेच्या वार्षिक अनुदानातून झाले. पाण्याची नळी ओढण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज गेला व पुढील वर्षी ते कामही झाले. खर्च फार मोठा नव्हता. मोठे होते ते दोन वर्षांचे मुलींचे नुकसान, आणि ते कोणत्याही अनुदानातून भरून निघणारे नव्हते. ही हकीकत लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. पण शाळेचा कागद खोटा असला म्हणजे काय होते, हे सांगण्यास आमच्या पदरी याहून चांगले उदाहरण नाही.

एका मुलाचे मोल

पटाचा आकडा किती बारकाईने काम करतो ते पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीपर्यंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार, १२१ ते २०० पर्यंत पाच शिक्षक असावेत. १५० च्या वर पट गेला की मुख्याध्यापक वेगळा. म्हणजे साठावे मूल आणि एकसष्टावे मूल यांच्यामध्ये एक सबंध शिक्षक उभा आहे.

शाळेच्या वार्षिक अनुदानाचेही तसेच. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांच्या आराखड्यात पुढील दर होते : ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १००० पर्यंत ७५,०००, आणि त्याहून अधिक असल्यास एक लाख. यांतील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची. दर वेळोवेळी बदलतात, पण पटाच्या पायऱ्या हे त्यांचे सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तीस मुलांच्या शाळेत एक मूल वाढले की अनुदान दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर गेले. उलट, ३१ मुलांच्या शाळेत दर मुलामागे सुमारे ८०० रुपये पडतात, तर १०० मुलांच्या शाळेत अवघे २५०. पायरीच्या वरच्या टोकाशी असलेली शाळा ही कागदोपत्री श्रीमंत पण प्रत्यक्षात ओढाताणीची असते. देणगी कोणत्या शाळेला द्यावी, याचा विचार करताना आपल्या संस्थेने हा हिशेब अवश्य पाहावा.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. आकड्याचे मोल कळले म्हणजे आकडा फुगविण्याचा मोहही होतो. गाव सोडून गेलेल्या मुलाचे नाव पटावर तसेच ठेवून मिळविलेले अनुदान ही चोरीच होय, आणि ती उघडकीस आली म्हणजे पुढच्या खऱ्या मागणीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. आकडा वाढवायचा तर शाळेबाहेर राहिलेले मूल शोधून आणावे. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे कायद्याने स्थानिक संस्थेचे कामच आहे. ती नोंद मागून घेऊन पटाशी ताडून पाहावी.

मराठी शाळांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा, असे १९५६ पासून सांगितलेले आहे. पण कलम आहे म्हणून शाळा टिकत नाही. ती पटावर टिकते. सभेत मातृभाषेवर भाषण करून घरी येणारे आम्ही सुशिक्षित लोक आपले मूल कोठे घालतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

वर्षाचे वेळापत्रक

आता समितीने काय, केव्हा करावे ते थोडक्यात सांगतो. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांप्रमाणे आराखडा तीन वर्षांचा असतो व त्यात दर वर्षाचा एक पोटआराखडा असतो. त्यात तीन गोष्टी मुख्यतः हव्यात : पुढील प्रत्येक वर्षी इयत्तावार किती मुले येतील याचा अंदाज, किती अधिक शिक्षक लागतील, आणि खोल्या व इतर सोयी किती लागतील व त्यांचा खर्च.

जून-जुलैत पावसातच शाळा फिरून पाहावी. कोणते छप्पर गळते हे उन्हाळ्यात कळत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणीचा तक्ता समितीपुढे मोठ्याने वाचावा, आणि वाचलेली प्रत्येक वस्तू जाऊन पाहावी. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर, आराखडा तयार व्हावा. मार्च संपण्यापूर्वी अध्यक्षांच्या सहीने तो वर गेला पाहिजे, आणि त्याची पोच घेतली पाहिजे. पोचेवाचूनचा अर्ज हा न केलेल्या अर्जासारखाच. अनुदान पुष्कळदा वर्षाच्या उत्तरार्धात हाती येते आणि ३१ मार्चच्या आत ते खर्च करावे लागते. म्हणून कशावर खर्च करायचा याचा ठराव आधीच करून ठेवावा. नाहीतर घाईत नको त्या वस्तू येतात.

एवढे केले म्हणजे दुसऱ्या वर्षी खोली उगवते असे मात्र नव्हे. मागणी मंजूर होणे, पैसा सुटणे आणि काम होणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीच्या मध्ये उंबरे झिजवावे लागतात. पण लेखी मागणी असली म्हणजे निदान विचारता येते. नसली तर तोंड उघडण्यासही जागा राहत नाही.

संस्थेने काय करावे

पन्नास वर्षे आपल्या संस्थेने वह्या-पुस्तके वाटली, गरजू मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दान कधी कधी हक्काच्या आड येते, हेही सांगितले पाहिजे. आमच्या पाहण्यातील एका शाळेला एका सद्गृहस्थांनी पाच संगणक दिले. शाळेची वायरिंग जुनी होती, वीजबिल कोणी भरायचे हे ठरलेले नव्हते. संगणक खोक्यांतच राहिले. पण तक्त्यात ‘संगणक : पाच’ अशी नोंद झाली आणि गरजू शाळांच्या यादीतून शाळा बाहेर पडली.

यावरून आमच्या काही नम्र सूचना आहेत. जी सोय कायद्याने सरकारने द्यावयाची आहे, ती देण्यापूर्वी तिची लेखी मागणी गेली आहे की नाही, हे संस्थेने पाहावे. भिंत पडायला आली असेल तर गोष्ट वेगळी, तेथे जीव आधी वाचवावा. जी वस्तू द्यायची ती समितीच्या ठरावाने द्यावी, शाळेच्या नोंदवहीत चढवावी, आणि तिची देखभाल कोण करील हे त्याच ठरावात लिहावे. तिसरी सूचना आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या सभासदांत निवृत्त कारकून आहेत, हिशेबनीस आहेत, बांधकाम खात्यात आयुष्य घालविलेले ओव्हरसियर आहेत. त्यांतील दोघादोघांनी एकेक शाळा वाटून घ्यावी आणि वर्षातून तीन वेळा, म्हणजे जुलै, सप्टेंबर व डिसेंबरात, समितीच्या शेजारी बसून कागद वाचावेत. पैशाची देणगी वर्षभरात सरते. कागद वाचता येणारे माणूस दिले, तर ते हळूहळू दुसऱ्यांनाही वाचायला शिकविते.

आणि समितीतील आयांना बोलते करावे. आमच्या त्या शाळेत तक्ता खरा झाला तो आमच्या पदवीमुळे नव्हे, तर जिची सही अडखळत होई अशा एका आईमुळे. तिला कलमे ठाऊक नव्हती. आपली मुलगी दुपारी घरी का येते, एवढेच तिला ठाऊक होते. आणि शाळेचा आराखडा खरे म्हणजे तेथूनच सुरू होतो.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. वाचकांस एवढीच विनंती की, येत्या सप्टेंबरअखेर आपल्या जवळच्या शाळेत अर्धा तास जावे आणि मुख्याध्यापकांना म्हणावे, “गुरुजी, तक्ता जरा मोठ्याने वाचून दाखवता का?”